सुटली म्हणा, आक्का

छायाला थुंकता येईना.

आमच्या गावात कुणाला काय येत नसेल ते नसेल, पण थुंकता येत नाही असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. एसटी स्टँडची भिंत त्याला साक्ष आहे. ही माझी धाकटी जाऊ मात्र हातात प्लास्टिकची नळी घेऊन, पदर पार भुवयांपर्यंत ओढून, शाळेच्या व्हरांड्यात नुसती खांबासारखी उभी होती. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या.

"छाया, दे की गं लवकर," मी म्हटलं.

तिनं डोळ्यांनीच टेबलाकडं खूण केली. टेबलापलीकडं आबा बसले होते.

आबा म्हणजे आमचे थोरले दीर. तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचं हे शिबिर गावात आणलं होतं त्यांनीच, त्यामुळे पुण्याहून आलेल्या मंडळींना हवं-नको बघायला ते सकाळपासून तिथं ठाण मांडून होते. आणि आमच्या घरची रीत अशी, की धाकट्या भावांच्या बायकांनी आबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खुर्चीवर बसायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. आबांना काही हवं असलं की ते सोप्यातल्या खांबाला सांगायचे, "चहा झाला असंल तर बघा म्हणावं," आणि आम्हीही खांबालाच उत्तर द्यायचो. मी मधली सून. अंगणवाडीची बाई असल्यामुळं मला सरकारी कामापुरती बोलायची सूट होती आणि ती मी ताणता येईल तेवढी ताणत असे. छायाला तेवढीही नव्हती. लग्न होऊन ती घरात आली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, पण तिचा आवाज कसा आहे ते आबांना ठाऊक नव्हतं. अशा बाईनं आबांच्या नाकासमोर बसून तोंडातून लाळ गाळायची म्हणजे बोलायलाच नको.

तिची लाळ हवी होती ती पुण्याच्या गौतमी केळुसकरला. मूळची मालवणकडची पोर, चष्मेवाली, बारकीशी. दातांच्या डॉक्टरनं प्रत्येकीचं तोंड बॅटरी लावून बघितलं, की ही पोर एक नळी हातात द्यायची आणि बर्फाच्या पेटीजवळ बसून सगळ्यांना एकच गोष्ट न कंटाळता समजावून सांगायची.

"आपल्या अंगात पेशी असतात ना मावशी, त्यांच्यात आरएनए नावाचे अगदी बारके तुकडे असतात. कुठलं काम चालू ठेवायचं, कुठलं थांबवायचं, ते बघणारे. पेशी बिघडली की ते कमी-जास्त होतात. आणि ते तिथंच राहत नाहीत. रक्तात उतरतात, लघवीत उतरतात, थुंकीतही उतरतात. तेच मी शोधते."

"म्हणजे शेजारणीच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळतं, तसं," मी म्हटलं. मला मध्ये बोलल्याशिवाय राहवतच नाही.

ती हसली. "अगदी तसंच. पण नुसत्या वासावर छातीठोक सांगायचं नाही. झाकण उघडून बघावंच लागतं. इथं झाकण उघडणं म्हणजे तुकडा काढून तपासणं. आमचं काम अजून अभ्यासाचं आहे. उद्या कधीतरी नुसत्या थुंकीवरून लवकर कळावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट."

आदल्या दिवशी मीच घरोघर फिरून ताकीद दिली होती, सकाळी मिश्री लावायची नाही, काही खायचं नाही, चूळ भरून यायचं. माझी स्वतःची मिश्रीची डबी अंगणवाडीतल्या तांदळाच्या पिंपामागं असायची, ते सोडा. त्या दिवशी मीही लावली नव्हती. चारचौघींच्या पुढं उभं राहायचं होतं ना! मात्र मला कुणी नळी दिली नाही की माझं तोंड उघडून बघितलं नाही. मी बायकांना हाकत होते, रांगा लावत होते, बॅटरी धरत होते. लग्नात वाढपी उपाशी राहतो, त्यातली गत.

छायाच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला होता. डॉक्टरनं तो बघून "कराडला जाऊन तुकडा तपासून घ्या," म्हटलं, तेव्हापासून ती पांढरीफटक पडली होती. तिची आई असल्याच दुखण्यानं गेलेली. आईचं झालं तेच आता आपलं होणार, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं.

मी तिचा दंड धरला आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"हितं कोण न्हाई. बस खाली. मान खाली घाल आन सोड लाळ."

ती बसली. मान घातली. बराच वेळ गेला.

"आक्का, तोंडाचं पार चिपाड झालंय वो."

"चिच आठव."

"आठवली."

"मीठ लावल्याली कैरी आठव."

"आठवली. आई बी आठवली," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. डोळ्यांतून धार, तोंडात थेंब नाही.

तिकडून कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. आता आमच्या दोघींचं घरात कसं होतं ते सांगते. माझी पाळी असली की माझ्या वाटचा देव्हारा ती बघायची, तिला बरं नसलं की तिच्या वाटच्या भाकरी मी थापायची. तिच्या धाकट्याला मी पाजलंय, माझ्या थोरलीचं बाळंतपण तिनं काढलंय. हे काम तुझं आणि ते माझं, असा हिशेब आम्ही कधी ठेवलाच नाही. तेव्हा मी जे केलं त्यात मला काडीचंही वावगं वाटलं नाही.

"आण हिकडं ती नळी."

"तुमी?"

"मग काय आबांस्नी सांगू? लोक मला उगा तोंडाळ म्हणत न्हाईत."

मी टाकीला पाठ लावून बसले. उजवीकडची दाढ जिभेच्या कडेला टोचायची, म्हणून मान जरा डावीकडं कलती केली आणि बघता बघता नळी भरून दिली. छायानं पदरानं डोळे पुसले, नळी पदराखाली घेतली आणि जाऊन गौतमीच्या हातात ठेवली. नळीवर तिच्या नावाची चिकटपट्टी आधीच होती.

कराडला छायाच्या गालाचा तुकडा काढला. त्याचा निकाल येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि निकाल आला तो स्वच्छ. "कर्करोग नाही. मिश्री बंद करा, चट्टा जाईल," असं डॉक्टरनं सांगितलं. मी पुरण शिजत घातलं. आबांनी खांबाला सांगितलं, "लई बरं झालं म्हणावं." छायानं मिश्रीची डबी उकिरड्यात फेकली आणि मलाही फेकायला सांगितली. मी "बघू" म्हटलं.

मग गौतमीचा फोन आला, छायाताईंची थुंकी पुन्हा एकदा हवी. ती स्वतः येऊन घेऊन गेली. या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून छायानं सुखासुखी नळी भरून दिली. आम्हाला वाटलं, संपलं.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळच्या एसटीनं गौतमी तिसऱ्यांदा आली. बरोबर ना गाडी, ना माणसं. आबांनी तिला सोप्यात बसवलं. मी चहा घेऊन गेले आणि पदर सारखा करून खांबाजवळ उभी राहिले. छाया स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"आबा, मला एक कोडं पडलंय," गौतमी म्हणाली. "छायाताईंच्या पहिल्या नळीत ते बारके तुकडे ज्या प्रमाणात आले, ते प्रमाण मी आजवर कर्करोग झालेल्या माणसांच्याच थुंकीत पाहिलंय. दुसऱ्या नळीत त्याचा मागमूसही नाही. आणि कराडचा तुकडाही स्वच्छ."

"मंजे आमची धाकटी बरी हाय का न्हाई?"

"बऱ्या आहेत. सगळं तसंच सांगतंय. पण मग ती पहिली थुंकी कुणाची?"

गौतमीनं चष्मा काढून पुसला.

"आमचे सर म्हणतात, गोंधळ झालेला नमुना आहे, बाद कर आणि पुढं हो. बाद करणं काही अवघड नाही हो. पण गोंधळ झाला असला तरी ती थुंकी कुणाच्या तरी तोंडातली आहेच ना? तो माणूस या गावात कुठंतरी जेवतोय, झोपतोय, आणि त्याला काही माहीत नाही. त्या दिवशीच्या बाकी सगळ्यांचे नमुने मी पुन्हा बघितले. कुणाशीच जुळत नाही. म्हणून म्हटलं, एकदा समोर येऊन विचारावं."

जीभ आपोआप त्या उजव्या दाढेकडं गेली. दाढेखाली जिभेच्या कडेला एक कातरल्यासारखी जागा होती. दाढ टोचते म्हणून झालेली, असं मी धरून चालले होते. तिखट लागलं की झोंबायची, मिश्री लावली की बधिर व्हायची. कधीपासून होती? मला आठवेना. आणि पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

मी ट्रे ठेवला आणि आत गेले. छाया दारातच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं, की हिलाही कळलं. मी तिला ओढत मागच्या गोठ्यात नेलं.

"आक्का, ती नळी..."

"गप बस."

"आवं पर ती तुमची..."

"गप म्हणते ना! दाढ लागतीया मला. दुसरं कायबी न्हाई."

"मग दावू या की त्या बाईस्नी. आल्याच हाईत."

मला सोपान शिंपी आठवला. त्याची जीभ काढली होती. पुढं दोन वर्षं जगला, पण गावानं त्याच्याशी बोलायचं सोडलं, कारण तो उत्तर द्यायचा ते कुणाला कळायचं नाही. आणि माझी तर सगळी दौलत म्हणजे ही जीभ. पोरांची गाणी तिच्यावर, बायकांची भांडणं सोडवायची तिच्यावर आणि लावायचीही तिच्यावर. ती गेली तर मागं इंदू म्हणून काय उरणार? मरण आलं तर येऊ दे, एकदाच येतं, असं मला त्या घडीला अगदी खरोखर वाटलं.

"छाया, हिकडं बघ. तुला माझ्या गळ्याची शपथ हाय. ह्यातलं एक अक्षर कुणापाशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "शपथ घालू नका वो आक्का. सुटली म्हणा. आदी सुटली म्हणा."

मी म्हटलं नाही. आमच्याकडं शपथ घालणं सोपं असतं, पण ती सोडवायची ती घालणाऱ्यानंच, "सुटली" असं स्वतःच्या तोंडानं म्हणून. तसं म्हटलं नाही आणि दुसऱ्यानं मोडली, तर ती ज्याच्या गळ्याची त्याला बाधते. छाया हे सगळं मानणारी. वाटेत लिंबू दिसलं तर वळसा घालून जाणारी. मला ते माहीत होतं, म्हणूनच घातली.

सोप्यात परत गेले तर गौतमी माझीच वाट बघत होती. "बाई, त्या दिवशी छायाताईंबरोबर तुम्ही होतात ना? नळी त्यांनी तुमच्यासमोरच भरली?"

"व्हय. माझ्यासमोर," मी म्हटलं. "तिनंच भरली."

तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग उठली आणि पिशवी खांद्याला लावली. "ठीक आहे. मग बाद करते. तुम्हाला उगाच त्रास दिला."

ती उंबऱ्यापर्यंत गेली.

"थांबा!"

हा आवाज कुणाचा, ते क्षणभर मलाही कळलं नाही. इतका मोठा तो मी कधी ऐकलाच नव्हता. छाया सोप्याच्या मधोमध येऊन उभी होती. पदर खांद्यावर पडला होता आणि तो सावरायचं तिला भानही नव्हतं. ती खांबाकडं नाही, सरळ आबांच्या तोंडाकडं बघत होती.

"ती थुंकी माझी न्हवं. आक्कांची हाय. तुमच्यासमोर मला थुकवंना, माझं तोंड सुकलं, म्हून त्यांनी टाकीमागं बसून भरली. त्यांच्या जिभंला जखम हाय. मिरचीचा घास त्या डावीकडनं खात्यात, मी रोज बघती." एवढं बोलून तिला धाप लागली. "त्यांनी मला गळ्याची शपथ घातली हुती. मी मोडली."

आणि ती मटकन खाली बसली.

आबा उठले. सबंध आयुष्यात मी त्यांना इतकं गोंधळलेलं बघितलं नाही. खांबाकडं बघावं की कुठं, हेच त्यांना सुचत नव्हतं. मग ते छायाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि थेट तिला म्हणाले, "बरं केलंस पोरी. लई बरं केलंस." आणि माझ्याकडं वळून, "इंदू, तोंड उघड."

माझं तोंड उघडायला कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशी ते उघडेना. शेवटी गौतमीनं माझी हनुवटी धरली आणि मोबाईलच्या उजेडात बघितलं. तिचा हात थंडगार होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "वास येतोय. झाकण उघडून बघायला हवं. आजच निघू या."

पुण्याला झाकण उघडलं आणि आत जे असायचं तेच निघालं. जिभेच्या कडेला, लहानसं. गळ्याच्या गाठींपर्यंत अजून गेलेलं नव्हतं. ऑपरेशन ठरलं. आमचे हे साखर कारखान्यावर होते, रजा मिळेल तसे येऊन-जाऊन असत. मुक्कामाला कोण राहणार, हे कुणी ठरवायच्या आत छाया गाठोडं बांधून गाडीत बसली होती.

मी तिच्याशी बोलत नव्हते. एक शब्द नाही. माझ्या मते तिनं माझा गळा कापला होता. ती पाणी द्यायची, मी नर्सकडं मागायची. ती पाय चेपायला बसायची, मी पाय आखडून घ्यायची. ऑपरेशन होईपर्यंत हवं ते खायची मला मुभा होती. गावाकडून कुणी आलं की चटणी, लोणचं, खारवलेल्या मिरच्या यायच्या. मी डावीकडच्या दातांनी ओ येईस्तोवर खायची, आणि छाया दुधात भाकरी कुस्करून कोपऱ्यात खात बसायची. लोणचं पुढं केलं तर मागं सारायची. मला वाटलं, गालाचा चट्टा अजून झोंबत असेल. विचारलं मात्र नाही.

दिवसातून एकदा तरी ती हळूच म्हणायची, "आक्का, सुटली म्हणा की."

मी भिंतीकडं तोंड करायची.

ऑपरेशनच्या दिवशी मला गाडीवरून न्यायला लागले, तेव्हा तिनं गाडीची कड धरली आणि बरोबर धावायला लागली. "आक्का, आता तरी म्हणा. पाया पडती. मी मोडलीया वो शपथ, तुमाला काय झालं तर मी कुटं तोंड दावू? एकदा म्हणा. मग जल्मभर बोलू नका."

त्या वेळी माझी जीभ शाबूत होती. तीन अक्षरं, एवढंच म्हणायचं होतं. मी डोळे मिटून घेतले. दार लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात जीभ नव्हे, पाट्याचा वरवंटा ठेवलाय असं वाटत होतं. नाकातून नळी होती. पलंगाच्या पायाशी, फरशीवर, नुसत्या साडीच्या घडीवर छाया बसली होती आणि माझ्या पायाचा अंगठा मुठीत धरून ठेवला होता. मी पाय हलवला तशी दचकून उठली, माझ्या छातीकडं बघितलं, श्वास चालू आहे याची खात्री केली आणि पुन्हा अंगठा धरून बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. "जिभेचा कडेचा भाग काढलाय, बाकी सगळी राहिलीय," ते म्हणाले. "सूज उतरली की शिकवू बोलायला. आणखी काही महिने दाढ टोचते म्हणत बसला असतात, तर अख्खी काढावी लागली असती. किंवा त्याचाही उपयोग झाला नसता." मग छायाकडं बघून त्यांनी विचारलं, "या बहीण का?"

मला बोलता येत नव्हतं. मी मान डोलावली.

सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक. ही बाई, जिनं मांजर आडवं गेलं तर पाऊल टाकलं नसतं, तिनं माझं मेलेलं तोंड बघायची शपथ डोळ्यांसमोर असताना मोडली. शपथ पाळली असती तर मी मरणार, मोडली तरी मीच मरणार, असं तिच्या लेखी होतं. आणि त्यातून तिनं एकटीनं, गोठ्यापासून सोप्यापर्यंत येता येता, मला वाचवण्याची बाजू निवडली. मी उशीखाली हात घातला. नर्सनं लिहून दाखवायला पाटी दिली होती. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सुटली," आणि छायापुढं धरली.

तिनं वाचलं. डोळे भरले. पण मान हलवली.

"तसं चालत न्हाई आक्का. तोंडानं घातल्याली तोंडानंच सोडवायची आसती."

घ्या! आता मला हसूही येईना आणि रडूही येईना, टाके ताणत होते.

मग मी बोलायला शिकले ते त्या एका शब्दासाठी. शिकवायला एक बाई यायच्या, त्या म्हणायच्या, आधी 'आ' म्हणा, 'मा' म्हणा. मी त्या गेल्या की पांघरुणात तोंड घालून 'सु' म्हणायची. फुस्स करून वारा जायचा. 'ट'ला जीभ वर टेकायचीच नाही. अंगणवाडीत मी किती पोरांना बाराखडी घोटायला लावली असेल, त्या सगळ्यांची आठवण झाली.

मध्ये गौतमी भेटायला आली. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून शहाळं घेऊन आली आणि मग ते कसं द्यायचं, म्हणून नाकातल्या नळीकडं बघत बसली. मी पाटीवर लिहिलं, "तुझे लई उपकार आहेत बाय."

"माझे नाहीत," ती म्हणाली. "माझ्या थुंकीच्या अभ्यासानं नुसतं एवढं सांगितलं, की कुणीतरी आहे. कोण आहे, ते छायाताईंनी सांगितलं. त्या बोलल्या नसत्या तर मी रेघ मारून मोकळी झाले असते." आणि जाताना तिनं वाकून छायाच्या पायाला हात लावला. छाया एवढी लाजली, की पलंगाआड गेली.

नाकातली नळी काढली त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारचं जेवण आलं होतं. मला पातळ पेज आणि छायाला वरच्या मजल्यावरच्या खानावळीतून आमटी-भात. ती माझ्याकडं पाठ करून, खाली बसून, आमटी बाजूला सारून कोरडा भात पाण्याबरोबर गिळत होती. मी तिच्या पाठीकडं बघितलं. चोळी सैल झाली होती, खांद्याची हाडं वर आली होती. आजारी मी आणि वाळली ही.

मी पेजेचा वाडगा ठेवला आणि म्हटलं.

काय उमटलं कुणास ठाऊक. अर्धी हवा, अर्धी लाळ. 'छुतली'सारखं काहीतरी. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनं मान वळवून बघितलं.

छायाच्या हातातला घास तसाच राहिला. ती वळली. "काय म्हनलात?"

मी पुन्हा म्हटलं. हनुवटीवरून लाळ ओघळली. मी पुसली आणि तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी सगळा जोर लावून, टाके तुटले तर तुटू देत म्हणून. "सु... तली. छाया. सुतली."

तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. मग उष्ट्या हातानंच डोळे पुसले, उठली आणि शेजारच्या म्हातारीच्या सुनेकडं गेली.

"ताई, मीठ हाय का वो जरा?"

तिनं कागदाची पुडी दिली. छाया परत येऊन बसली आणि आमटीची वाटी पुढं ओढली.

"त्या दिसापासनं मीठ सोडलं हुतं मी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तुमी सुटली म्हनस्तवर तोंडात घालायचं न्हाई म्हणलं हुतं देवीला."

तिनं चिमूट आमटीत टाकली, मग जवळजवळ अर्धी पुडीच त्यात ओतली, आणि वाटी तोंडाला लावली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते वाटीत पडत होतं.

"लई खारट झाली," ती म्हणाली, आणि सगळी पिऊन टाकली.